होनाजी आणि बाळा : गाणं कोणाचं, गळा कोणाचा?

मागच्या वर्षी एका हौशी संस्थेनं केलेला 'संगीत होनाजी बाळा'चा प्रयोग पाहायला गेलो होतो. आपट्याहून नाटकाला जायचं म्हणजे परतीच्या गाडीची काळजी पहिल्या घंटेपासूनच सुरू होते, म्हणून मी नेहमी कडेची खुर्ची घेतो. शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर बाई होत्या. पहिला अंक अर्ध्यावर आला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, यातला होनाजी बाळा कुठला? दोघं का दाखवलेत?"

मी म्हटलं, "तो होनाजी आणि तो बाळा."

मी थट्टा करतो आहे की काय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मध्यंतरात चहाच्या रांगेत त्या पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, "लहानपणापासून रेडिओवर सकाळी भूपाळी ऐकत आले. मला वाटायचं, होनाजी हे नाव आणि बाळा हे आडनाव."

मला हसू आलं नाही. चाळिशी उलटेपर्यंत माझीही समजूत तीच होती. रसायनीच्या कारखान्यात पाळ्या करता करता जे वाचलं, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जे हाती लागलं, त्यावर माझा सगळा अभ्यास झालेला आहे. शाहिरी वाङ्मय शिकवणारं कुणी भेटलं नाही. त्यामुळे माझ्या चुका बऱ्याच काळ माझ्यापाशी सुखानं नांदल्या. त्या रात्री परतताना मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. लोकांच्या आवडत्या गीतकाराचं आयुष्य जेव्हा त्याच्याच गाण्यांसह रंगमंचावर येतं, तेव्हा आपण नेमकं काय पाहत असतो? त्याचं आयुष्य, की त्याच्या गाण्यांवरून आपण रचलेलं एक आयुष्य? आणि त्या आयुष्यात गाणाऱ्याची, चाल देणाऱ्याची, लिहून ठेवणाऱ्याची जागा कुठे असते?

एक नाव, दोन माणसं

आधी त्या दोघांविषयी. होनाजी सयाजी शिलारखाने हा पुण्याचा नंदगवळी. दूधदुभत्याचा धंदा घरचा आणि शाहिरीही घरचीच. बाळा बहिरू करंजकर हा त्याचा मित्र, जातीनं शिंपी. होनाजी रचायचा आणि बाळा गायचा. दोघांचा मिळून तमाशाचा फड होता. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६ ते १८१८) पुण्यात लावणीला जे दिवस आले, त्या दिवसांतले हे दोघे. रामजोशी, अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम ही त्याच सुमाराची मंडळी. होनाजीच्या लावण्यांना रागदारीची बैठक आहे. फडात नाचून म्हणायच्या लावणीबरोबरच बसून, अदाकारीनं म्हणायची बैठकीची लावणी रुजली, त्यात त्याचं नाव अग्रभागी घेतलं जातं.

शाहीर रचनेच्या शेवटच्या चौकात आपलं नाव गुंफतो, ती त्याची मुद्रा. अभंगात 'तुका म्हणे' येतं तसंच हे. या लावण्यांच्या शेवटी होनाजी बाळा अशी जोडमुद्रा येते. म्हणजे रचणाऱ्यानं आपल्या सहीत गाणाऱ्याचं नाव घेतलं. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. शंकर-जयकिशन म्हटलं की आपल्याला दोन माणसं आठवतात, कारण छापताना मध्ये आडवी रेघ असते आणि दोघांचे फोटोही आपण पाहिलेले असतात. होनाजी आणि बाळा यांचं चित्र कुणी पाहिलेलं नाही, मध्ये रेघही नाही. दोनशे वर्षांत मैत्रीचं नाव एका माणसाचं होऊन बसलं आणि त्या विलीनीकरणात बाळा नाहीसा झाला. नाव राहिलं, माणूस गेला.

सही करताना ज्यांना असं सामावून घेतलं गेलं नाही, त्यांचं काय झालं हे पाहिलं की या जोडमुद्रेची किंमत कळते. पट्ठे बापूराव (१८६६ ते १९४५) हे रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. वतन आणि घरदार सोडून ते तमाशात आले. संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा त्यांच्या फडात आली आणि त्यांच्या लावण्यांना तिचा गळा, तिची अदा मिळाली. तमाशाची माहिती असलेला जुना माणूस बापूरावांचं नाव पवळेशिवाय घेत नाही. पण लावणीच्या शेवटी मुद्रा येते ती बापूरावांची. पवळा आठवणीत आहे, सहीत नाही. होनाजीनं जे केलं ते बापूरावांच्या काळात घडलं नाही, आणि आज घडतं असंही म्हणता येत नाही.

गाणी आधी, आयुष्य नंतर

गीतकाराचं आयुष्य नाटकात आणणाऱ्याची एक अडचण असते. प्रेक्षक गाणी पाठ करून आलेला असतो आणि गीतकाराच्या आयुष्याविषयी लेखकाला मिळालेली माहिती मात्र मूठभर असते. शाहिरांची कवनं बाडांमधून, फडकऱ्यांच्या तोंडून टिकली. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये छापला, लावण्यांचे संग्रह पुढे होत गेले. पण शाहीर घरी कसा होता, कुणावर रागावला, कुणासाठी रडला, याची नोंद कुणी ठेवली नव्हती. मग नाटककार काय करतो? गाण्यालाच पुरावा मानतो. विरहाची लावणी सापडली की विरहाचा प्रसंग उभा करतो. शृंगाराची सापडली की नायिका आणतो. देवाचं पद सापडलं की शेवटच्या अंकात पश्चात्ताप होतो. प्रेक्षकाला वाटतं, प्रसंगातून गाणं आलं. खरा क्रम उलटा असतो.

लावणीच्या बाबतीत ही पद्धत विशेष फसवी ठरते. लावणी बहुधा स्त्रीच्या तोंडची असते. रचणारा पुरुष असतो आणि 'मी' म्हणणारी बाई. तिचा पती मोहिमेवर गेलेला असतो, सवत घरात असते, शेज सुनी असते. हा संकेत आहे. रचनाकाराची ही रोजनिशी नव्हे. होनाजीनं तशी लावणी केली, त्या अर्थी त्याच्या आयुष्यात तशी कुणी होती, असं म्हणणं म्हणजे 'शाकुंतल' लिहिणाऱ्या किर्लोस्करांना अंगठी हरवण्याचा अनुभव होता असं म्हणण्यासारखं आहे.

तरीही आपल्या डोळ्यांसमोरचा होनाजी प्रेमिकच आहे, आणि तो आला आहे चित्रपटातून. राजकमल कलामंदिरचा 'अमर भूपाळी' १९५१ चा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, लेखन विश्राम बेडेकर यांचं, संगीत वसंत देसाई यांचं. पंडितराव नगरकर होनाजी झाले, संध्या यांनी गुणवती केली. १९५२ मध्ये हा चित्रपट कानच्या महोत्सवात गेला आणि ध्वनिमुद्रणासाठी त्याचा गौरव झाला. त्यातली 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात घराघरांत गेली. माझ्या शेजारच्या बाई रेडिओवर ऐकत होत्या ती हीच.

आता नीट पाहू. शब्द होनाजीचे. आपल्या कानात बसलेली चाल वसंत देसाई यांच्या संगीतातली. गळे नगरकर आणि लताबाईंचे. यांपैकी फक्त पहिली गोष्ट पेशवाईतली आहे. पण ती भूपाळी लागली की पहाटेचं जुनं पुणं दिसतं, गवळीवाडा दिसतो, आणि होनाजीच गातो आहे असं वाटतं. गंमत अशी की शब्दांचा मालक गात नव्हताच. गात होता बाळा.

याच्या चार वर्षं आधी, १९४७ मध्ये, 'लोकशाहीर रामजोशी' आला होता. जयराम शिलेदार रामजोशी, हंसा वाडकर बया. कथा, संवाद आणि नवी गाणी ग. दि. माडगूळकरांची. संगीत पुन्हा वसंत देसाई यांचंच. त्या चित्रपटात रामजोशींची स्वतःची लावणीही आहे आणि माडगूळकरांची रचनाही, आणि दोन्ही इतक्या बेमालूम मिसळल्या आहेत की ऐकणारा सगळंच रामजोशींच्या खात्यावर जमा करतो. म्हणजे पेशवाईतल्या दोन शाहिरांचा जो सूर आपण खरा मानतो, तो १९१२ साली जन्मलेल्या एकाच कोकणी संगीतकाराच्या हातून आपल्यापर्यंत आला आहे. त्यात त्याची काही चूक नाही. त्यानं काम इतकं उत्तम केलं की तो स्वतः त्यात दिसेनासा झाला.

संगीत नाटकातले तीन मालक

नाटकाची गोष्ट चित्रपटाहून थोडी निराळी आहे. संगीत नाटकाच्या पदाला पहिल्यापासून निदान तीन मालक असतात. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' केलं तेव्हा पदं त्यांची होती, चाली बऱ्याचशा लोकांच्या ओठांवरच्या होत्या, साकी, दिंडी, लावणी यांच्या. प्रेक्षकाला चाल ओळखीची आणि शब्द नवे. पुढे चाल देणाऱ्याला वेगळं नाव मिळालं. 'मानापमान' (१९११) मध्ये पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. 'स्वयंवर' (१९१६) मध्ये पदं खाडिलकरांचीच, चाली भास्करबुवा बखले यांच्या. आणि तरी प्रेक्षक घरी जाताना म्हणायचा, बालगंधर्वांचं गाणं. शेवटी गळा मालक होतो.

ही ताकद किती असते, त्याचं एक उदाहरण 'संत कान्होपात्रा' (१९३१) मध्ये आहे. हेही एका कवयित्रीच्या आयुष्यावरचं संगीत नाटक. कान्होपात्रा मंगळवेढ्याची, गणिकेची मुलगी, बादशहाच्या बोलावण्याला नकार देऊन विठ्ठलाच्या पायाशी गेलेली. तिचे स्वतःचे अभंग आहेत, आणि 'अगा वैकुंठीच्या राया' बालगंधर्वांच्या आवाजात अजरामर झाला. पण त्याच नाटकातला 'जोहार मायबाप' हा चोखामेळ्याचा आहे. जोहार हा दारात उभं राहून करायचा महाराचा नमस्कार. त्या एका शब्दात चोखोबांचं सारं आयुष्य आहे. नाटकात तो बालगंधर्वांच्या गळ्यातून आला, आणि आज अनेकांच्या मनात ते कान्होपात्रेचं पद आहे, काहींच्या मनात नुसतं बालगंधर्वांचं. दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसाचं गाणं आत आलं, माणूस बाहेरच राहिला.

म्हणून मला 'होनाजी बाळा' या नाटकाविषयी आदर आहे. चिं. य. मराठे यांनी नावातच दोघांना ठेवलं. 'श्रीरंगा कमलाकांता' ही होनाजीची गवळण त्यात आहे. सुरेश हळदणकर आणि भार्गवराम आचरेकर यांच्या आवाजातलं तिचं ध्वनिमुद्रण जुन्या रसिकांना पाठ असेल. दोन पुरुष, दोन वेगळ्या जातीचे गळे, एकच गवळण. मी पाहिलेल्या प्रयोगात त्या गवळणीला वन्समोअर मिळाला. तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "आता कळलं, दोघं का ते."

मला वाटतं, संगीत नाटक जे करू शकतं आणि पुस्तक करू शकत नाही, ते हेच. मी इथं जोडमुद्रेविषयी परिच्छेद लिहिला. त्या दोन नटांनी समोरासमोर बसून पाच मिनिटांत ती दाखवली.

माझी चूक

दुसऱ्यांच्या समजुतींविषयी इतकं लिहिलं, तर माझी एक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मी तुकोबांवर लेख लिहिला होता. त्यात 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग म्हणून घेतला होता आणि त्यावरून त्यांच्या विश्वदृष्टीविषयी दोन पानं लिहिली होती. लेख छापून आल्यावर गावातले एक वारकरी आजोबा भेटले. त्यांनी लेख वाचून घेतला होता. एवढंच म्हणाले, "गाथ्यात दाखव."

मी गाथा घेऊन बसलो. साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. रात्रपाळी संपवून आलो की पन्नास-साठ वाचायचो. संपूर्ण गाथा वाचून झाली, तो अभंग मिळाला नाही. मिळणार नव्हताच. तो प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिला होता. विष्णुपंत पागनीसांनी तो असा गायला की मोठमोठे जाणकारही फसले, हे मला पुढे वाचायला मिळालं. त्या दिलाशाचा मला फारसा उपयोग नव्हता, कारण मी तो तपासलाच नव्हता. मी चित्रपट पाहिला होता आणि तो तुकोबांचा पुरावा मानला होता.

त्या शिक्षेतून दोन गोष्टी मिळाल्या. एक, गाथा वाचून झाली. दुसरी, संताजी जगनाडे हे नाव माझ्यासाठी जिवंत झालं. चाकणचे तेली, तुकोबांचे टाळकरी, आणि त्यांचे अभंग वहीत उतरवून घेणारे. गाणं टिकायला रचणारा आणि गाणारा पुरत नाही, लिहून ठेवणाराही लागतो. तो नसता तर आजोबांनी मला गाथा दाखवायला सांगितलंच नसतं.

परदेशातलं एक उदाहरण

ही अडचण फक्त आपली नाही. लोकप्रिय गीतकारांच्या आयुष्यावर त्यांच्याच गाण्यांनी बांधलेली संगीतकं इंग्लंड-अमेरिकेत गेली काही दशकं जोरात चालतात. त्यांना 'जुकबॉक्स म्युझिकल' म्हणतात. इराण्याच्या हॉटेलात नाणं टाकून हवं ते गाणं लावायची पेटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नावाचा अर्थ सांगायला नको. त्यातलं 'ब्यूटिफुल' हे कॅरोल किंग यांच्या आयुष्यावरचं संगीतक ब्रॉडवेवर जानेवारी २०१४ मध्ये आलं. मी ते पाहिलेलं नाही, त्यातली गाणी मात्र पुष्कळ ऐकली आहेत आणि त्यांची हकीकत वाचली आहे.

कॅरोल किंग चाल करायच्या, त्यांचे पती जेरी गॉफिन शब्द लिहायचे. १९६० मध्ये 'विल यू लव्ह मी टुमॉरो' हे त्यांचं गाणं 'शिरेल्स' या कृष्णवर्णीय मुलींच्या गटानं गायलं आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. उद्याही माझ्यावर प्रेम करशील का, असं एक तरुणी विचारते. शब्द एकवीस वर्षांच्या पुरुषाचे, चाल अठरा वर्षांच्या मुलीची, गळा तिसरीचाच. होनाजीच्या लावणीची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

त्या संगीतकाची गोष्ट कॅरोल किंग स्वतः गाऊ लागतात तिथे येऊन पोहोचते. १९७१ मध्ये 'टॅपेस्ट्री' ही त्यांची तबकडी आली, त्यात हेच गाणं त्यांनी स्वतःच्या आवाजात गायलं. म्हणजे गीतकाराला स्वतःचा गळा सापडतो, हा तिथला सुखान्त. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. आपलंच आयुष्य रंगमंचावर पाहणं त्यांना इतकं अवघड वाटत होतं की त्यांनी बरेच दिवस प्रयोग पाहिला नाही. एप्रिल २०१४ मध्ये त्या वेश बदलून जाऊन बसल्या. ज्याचं आयुष्य, तो जिवंत असला तर निदान टाळू शकतो, बदल सुचवू शकतो. होनाजीला ती सोय नव्हती, आणि बाळाला तर नव्हतीच.

गीतकार नसलेलं नाटक

या सगळ्यावर एक वेगळं उत्तर आपल्याच रंगभूमीनं अलीकडे दिलं. प्राजक्त देशमुख यांचं 'संगीत देवबाभळी' २०१७ च्या डिसेंबरात व्यावसायिक रंगभूमीवर आलं. निर्मिती भद्रकाली प्रॉडक्शन्सची, संगीत आनंद ओक यांचं. मराठीतला सर्वांत लाडका गीतकार तुकाराम, आणि हे नाटक त्याच्या घरातलं. पण तुकाराम रंगमंचावर येतच नाही. येतात त्या दोघी. भंडाऱ्यावर भाकरी घेऊन निघालेली, पायात काटा रुतलेली, पोटुशी आवली, आणि तिची शुश्रूषा करायला लखूबाई बनून आलेली रखुमाई. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांनी त्या भूमिका केल्या.

तुकोबांचे अभंग या नाटकात आहेत, देशमुखांची नवी पदंही आहेत. पण इथं लबाडी होत नाही, कारण अभंगांवरून तुकोबांचं आयुष्य रचल्याचा दावाच नाही. गाणी ज्या घरात झाली त्या घरात चूल कुणी पेटवली, एवढंच ते विचारतं. गाण्याचे शब्द, चाल, गळा आणि वही या चार मालकांत पाचवी भर पडते, ती भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईची. तिची मुद्रा कुठल्याच अभंगात नसते.

आपट्यात

आमच्या गावाला या विषयाचा अनुभव रोजचा आहे. आपटा स्टेशन पाताळगंगेच्या खोऱ्यातलं, पनवेल-रोहा मार्गावरचं छोटंसं स्टेशन. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) मधला शेवटचा, गाडीमागे धावण्याचा प्रसंग इथं चित्रित झाला. अजूनही लोक लांबून येतात, फलाटावर हात पुढे करून फोटो काढतात. चित्रपटात ते स्टेशन पंजाबातलं आहे. म्हणजे माणसं रायगड जिल्ह्यात येऊन पंजाब पाहून जातात. त्यांना कुणी फसवलेलं नाही, आणि त्यांचा आनंदही खोटा नाही. फक्त आपटा त्यांना दिसत नाही.

यंदा पावसाळ्यात गावातल्या मुलांनी आगरी लग्नगीतांवर कार्यक्रम बसवायला घेतला. निवेदन मी लिहावं असं ठरलं. आमच्या भागात लग्नाच्या एकेका विधीला धवले म्हणणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. धवल्यांची परंपरा फार जुनी आहे. मराठीची आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा, तिचे रुक्मिणीस्वयंवरावरचे 'धवळे' तेराव्या शतकातले. महानुभावांनी लिहून ठेवलं म्हणून तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे. गावोगावच्या धवलारणींची नावं कुणी लिहिली नाहीत.

आमच्या आळीत एक काकी धवले म्हणायच्या. बारा वर्षांपूर्वी मी मोबाइलवर त्यांचा आवाज घेतला होता. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मुलांची कल्पना अशी की कार्यक्रमात काकींचं आयुष्य दाखवायचं. लग्न होऊन गावात आल्या, हे दुःख झालं आणि हे गाणं सुचलं, ते दुःख झालं आणि ते. पडद्यावर 'गीत' म्हणून त्यांचं नाव घालायचं. त्यांच्या नातीचा आग्रह सगळ्यांत जास्त. आजीला कधी कुठे नाव मिळालं नाही, ते आता मिळू दे, असं ती म्हणाली. त्यात चूक काय काढणार?

पण माझ्या जुन्या ध्वनिफितीत एका धवल्यानंतर मी विचारलेला प्रश्न आहे, "काकी, हे तुम्ही केलंत?" त्यावर त्यांचा आवाज आहे, "गाना माजा नाय, सासूचा हाय." आणि पुढे त्या सांगतात की सासूला ते तिच्या आत्यानं शिकवलं, आणि मधली दोन कडवी मात्र आपली, कारण सासूची विसरली.

मी ती ध्वनिफीत मुलांना ऐकवली. नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, म्हणजे आजीचं नाव काढायचं का?"

काढायचं नाही. होनाजीनं दोनशे वर्षांपूर्वी जे केलं तेच करायचं. आम्ही निवेदनात असं लिहिलं : गळा काकींचा, शिकवण सासूची, तिला दिलं तिच्या आत्यानं, मधली दोन कडवी काकींची स्वतःची. काकींच्या आयुष्यातले प्रसंग गाण्याला जोडायचे नाहीत, वेगळे सांगायचे. त्यांनी हे धवले किती लग्नांत म्हटले, पहाटे कितीला उठून जायच्या, बिदागी म्हणून काय मिळायचं, हे नातीनं स्वतः बोलायचं. कार्यक्रम त्यामुळे पाच मिनिटांनी लांबला. आत्याचं नाव शोधायला नात आजीच्या सासूच्या माहेरी जाऊन आली. तिथं नव्वदीच्या एका बाईंना ते आठवलं. आता ते आमच्या कागदावर आहे.

वाचकांनाही माझी एवढीच विनंती आहे. अशी नाटकं जरूर पाहावीत, डोळे पाणावले तर पाणावू द्यावेत. परत येताना गाडीत मात्र एकदा स्वतःला विचारावं, शब्द कुणाचे होते, चाल कुणाची, गळा कुणाचा. तीन नावं आठवली नाहीत तर घरी जाऊन शोधावीत. कार्यक्रमाची तालीम आमच्या अंगणात चालते. नात आता आजीची दोन कडवी स्वतः म्हणते, आणि म्हणायच्या आधी तिन्ही नावं घेते.